दिव्याचा ड्रायव्हर

"पलंगावरचा दिवा धापा टाकतोय," काकू म्हणाल्या.

बाइंडरकाकांनी मान वर केली. छतात बसवलेला वाटीएवढा दिवा त्यांना नीट चालू दिसला. "काही नाही गं. बरा आहे की."

"तुम्हाला डोळे आहेत म्हणून कळत नाही. मला विचारा. दम लागल्यासारखा करतोय. कपाळात ठणका बसतो माझ्या."

काकूंचे डोळे काचबिंदूने नेले होते. माणूस दिसत नसे, चेहरा दिसत नसे, पण उजेड कळायचा. कुठला दिवा लागलाय, कुठला विझलाय, हे त्या मान वर करून सांगत. खाटेवरून उठून बाहेरच्या खोलीत जायचं तर छतातल्या उजेडाचा एकेक डाग धरत त्या भिंतीकडेने जात. म्हणून दोन दिवसांनी बाहेरच्या खोलीतले पाचही दिवे एकदम गेले, तेव्हा त्या दारातच थबकल्या आणि लहान मुलासारख्या हाका मारू लागल्या.

लेक म्हणाली, "सगळे उपटून टाका ते. साधे बल्ब लावू, झंझट नको."

"एकालाही हात लावायचा नाही," काकू म्हणाल्या. "ढब्बूनं बसवलेत."

ढब्बू म्हणजे त्यांचा मुलगा. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून ढब्बू. पुढे टँकरवर ड्रायव्हर झाला, उन्हातान्हात वाळून काडी झाला, तरी नाव काही सुटलं नाही. आईचे डोळे जायला लागले तेव्हा गेल्या वर्षी सुट्टी काढून आला, येताना हे दिवे घेऊन आला, आणि आठ दिवस शिडीवर चढून सगळं स्वतः जोडलं. "आई, तुला आता आभाळ आणलं घरात," असं म्हणाला होता.

पाच महिन्यांपूर्वी त्याचा टँकर घाटात उलटला आणि पेटला. ढब्बू आतच राहिला. काकूंना हे माहीत नव्हतं.

ठरवून कोणी लपवलं असंही म्हणता येत नाही. काकूंच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते. डॉक्टर म्हणाले, इतक्यात धक्का नको. मग टाके निघेपर्यंत नको, असं ठरलं. मग घरी येऊन चालायला लागेपर्यंत. मग लेक म्हणाली, आत्ता कुठे दोन घास जेवायला लागलीय. काकाही 'बरं' म्हणाले. ते मुळात हो म्हणणारेच. आयुष्यभर खाली मान घालून पुस्तकं शिवली, चिकटवली, कापली. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलायचं तर दोनदा घसा खाकरावा लागे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना गप्प राहायला लेकीनेच सांगितलं. ती बातमीही सगळ्यांना तिनेच कळवली. काकांनी ते वाक्य अजून एकदाही उच्चारलं नव्हतं.

काकूंना सांगितलं होतं, की ढब्बू लांबच्या कामावर गेलाय, तिकडे फोन लागत नाही, कधीमधी मेसेज येतो. ते मेसेज काका वाचून दाखवत. म्हणजे फोन हातात धरून मनाचं बोलत. सुरुवातीला 'मी बरा आहे, काळजी करू नको' एवढ्यावर वेळ मारून नेली. पुढे पुढे त्यांना ते जमायला लागलं, आणि जमतंय याचीच त्यांना जास्त भीती वाटायला लागली.

घरात आणखी एक सवय लागली होती. काकूंच्या समोर बापलेक खुणांनी बोलत. लेक डोळे वटारी, काका मान हलवत. मधे बसलेल्या काकू आपल्या हसतमुखाने जेवत असत.

गेल्या तपासणीला डॉक्टरांनी सांगितलं, आता सगळं उत्तम आहे. परतताना रिक्षात लेकीने काकांकडे पाहिलं आणि बोट ओठांवर ठेवलं.

*

एक दिवा छतातून ओढून काढून, रुमालात गुंडाळून काका विजेच्या सामानाच्या दुकानात गेले.

"हा लागत नाही," ते म्हणाले.

दुकानदाराने दिवा उलटा करून पाठीवरची अक्षरं वाचली, दोन वायरी लावून पाहिल्या. दिवा लागला. "दिवा ठणठणीत आहे काका. तुमचा ड्रायव्हर गेला असणार."

काकांनी काउंटरची कड धरली. "काय म्हणालात?"

"ड्रायव्हर. ही अशी डबी असते, वर छतात." दुकानदाराने मागच्या फळीवरून एक पांढरा डबा काढून समोर ठेवला. "घरातली वीज या दिव्यांना झेपत नाही. थेट दिली तर मरतील. मधे हा बसतो आणि त्यांना सोसेल तेवढीच पुढे सोडतो. पॉवर सप्लाय म्हणा पाहिजे तर."

"पॉवर सप्लाय बरं वाटतं," काका घाईने म्हणाले.

"आता दिवे बघू. बारा व्होल्ट, सहा वॅट. म्हणजे बारा व्होल्टचाच घ्यायचा. दुसरे करंटवाले येतात, दिसायला सख्खे भाऊ, पण ते याला चालत नाहीत. किती दिवे?"

"बाहेर पाच, आत तीन. सगळे एका डबीवर नाही का बसणार?"

"बसतील की, मोठी घेतली तर. पण वायर लांब जाते, शेवटचा दिवा मलूल जळतो. आणि डबी बंद पडली की अख्खं घर अंधारात."

काकूंचं ते दारात थबकणं काकांना आठवलं. एका खोलीत अंधार झाला तरी दुसरीतला उजेड धरून ती येऊ शकेल. "दोन द्या. खोलीला एक."

"शहाणे आहात. बाहेर पाच सक तीस. पण म्हणून तीसचा घेऊ नका हं. लोक तिथंच फसतात. तीसच्या ओझ्याला तीसचाच लावला तर तो कायम छाती फुटेस्तोवर पळतो. तापतो, आणि एक दिवस बसतो. चाळीसच्या वरचा घ्या, आरामात चालेल. आतल्या तिघांना पंचविसाचा पुष्कळ झाला."

मग दोन कंपन्यांचे डबे आले. एक स्वस्त, एक महाग. काका दोन्ही उलटेसुलटे करून त्यांच्यावरचं बारीक लिखाण वाचत बसले. मलपृष्ठ वाचल्याशिवाय पुस्तक हातावेगळं न करणारा माणूस.

"काका, डबी निवडताय की जावई?" दुकानदार म्हणाला.

"घरच्या मंडळींना दिवा धापा टाकतो असं वाटतं. मला दिसत नाही."

दुकानदार पहिल्यांदाच थांबला. त्याने दिवा स्वस्त डबीला जोडला आणि फोनचा कॅमेरा त्यावर धरला. पडद्यावर काळे पट्टे सरकू लागले. मग महागाच्या डबीला जोडला. पट्टे गेले, नुसता स्वच्छ पांढरा उजेड. "बघा. डोळ्याला दोन्ही सारखे. पण पहिला सारखा लागतो-विझतो, सेकंदाला शंभर वेळा. आपल्याला कळत नाही, डोक्याला कळतं. त्यांचं बरोबर आहे."

काकांनी महागाच्या दोन घेतल्या.

"बसवणार कोण? मुलगा आहे का घरी?"

"आहे," काका म्हणाले. "बाहेरगावी असतो."

दुकानदाराला खरं सांगायला काय हरकत होती, हे त्यांना रस्त्यावर आल्यावर सुचलं. खोटं आता न मागता तोंडात येत होतं.

*

दुकानदाराने पाठवलेला वायरमन रविवारी सकाळी आला. जाडजूड, बोलका, आणि आवाज असा की तळमजल्यावर बोलला तर वरच्याला कळावं. काका त्याला घ्यायला जिन्यात उतरले होते.

"एक विनंती होती," ते घसा खाकरून म्हणाले. "घरात त्याला ड्रायव्हर म्हणू नका. डबी म्हणा."

"का हो?"

"आमच्या हिला तो शब्द चालत नाही."

"ड्रायव्हर चालत नाही? मग गाडी काकू स्वतः चालवतात वाटतं." वायरमन आपल्याच विनोदावर हसला. "चालेल. डबी तर डबी. आपल्याला काय."

तिथेच, दोन पायऱ्यांवर उभं राहून, चार शब्दांत सांगता आलं असतं. काकांनी तोंड उघडलंही. पण "या वर," एवढंच म्हणाले.

वायरमनने आधी आतल्या खोलीतले तिन्ही दिवे खाली ओढून काढले. पलंगाच्या वर छताला तीन गोल भोकं पडली. काकू पलंगावर आडव्या होत्या, त्यांनी विचारलं, "नीट होईल ना हो?" तो म्हणाला, "काकू, जावयासारखे जपून ठेवलेत तुमचे दिवे." काकू हसल्या. मग त्याने बाहेरच्या खोलीत शिडी लावली. छताला तिथे एक चौकोनी झाकण होतं. ते सरकवून त्याने डोकं आणि खांदे आत घातले. काका खाली शिडी धरून उभे राहिले.

दोन खोल्यांमधली भिंत त्या पातळ छतापर्यंतच होती. वरची पोकळी दोन्हींवरून सलग गेली होती. हे ढब्बूला माहीत होतं, वायरमनला आत डोकं घातल्यावर कळलं असेल. काकांच्या ते ध्यानातही आलं नाही.

"ऊन लागू नये म्हणून कापूस अंथरलाय वर," वायरमनचा आवाज आतून घुमत आला. "चांगलं केलंय. पण डबी कापसाखाली पुरून टाकलीय की. तिनं श्वास कुठून घ्यायचा? थांबा, निघतेय. हां. आणि तीसची. पाच दिव्यांना तीसची. कुठल्या दीडशहाण्यानं लावली ही?"

"मुलानं," काका म्हणाले.

"बरं, असू दे. हौशी माणूस असणार." स्क्रू पिळल्याचा आवाज आला. झाकण निघालं, आणि वायरमन दिलेला शब्द विसरला. "अरे देवा. काका, ड्रायव्हर तर जळून गेलाय. आतून कोळसा झालाय नुसता. काही उरलंच नाही. हा कधीच गेलाय, आणि तुम्हाला घरात कोणी सांगितलं नाही?"



आतून हाक आली. मोठी नव्हती. "अहो."

काका धावले. काकू पलंगावर उठून बसल्या होत्या, तोंड वरच्या भोकाकडे. चेहरा कागदासारखा झाला होता. "हे वरून कोण बोललं?"

"वायरमन. त्याचा आवाज छतातून आला."

"ड्रायव्हर जळाला म्हणाला तो. कोळसा झाला म्हणाला."

"अगं, दिव्याचा ड्रायव्हर."

"दिव्याला कधी ड्रायव्हर असतो?"

"असतो. खरंच असतो. डबी असते, तिला म्हणतात."

"मला खेळवू नका तुम्ही. तुमचा आवाज कापतोय."

पाच महिन्यांत या बाबतीत काकांनी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य होतं, आणि तेच धडधडीत बनावट वाटत होतं. त्यांनी वायरमनला हाक मारली. तोवर लेकही स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी येऊन दारात उभी राहिली. वायरमनने ती जळकी डबी आणून काकूंच्या ओंजळीत ठेवली.

"हा बघा काकू, हा ड्रायव्हर. दिव्यांची गाडी हाच चालवतो. घाबरवलं ना मी तुम्हाला?"

काकूंनी डबी चाचपली. वितळून गोळा झालेलं प्लॅस्टिक, सुटलेल्या वायरी. नाकाशी नेऊन वास घेतला. मग त्यांच्या खांद्यांतला ताठरपणा गेला आणि त्या हसायला लागल्या. ऑपरेशननंतर एवढ्या हसल्या नव्हत्या. छातीवर हात दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बाई गं. याला म्हणतात ड्रायव्हर. आणि माझा इथं जीव गेला होता."

"काकांनी बजावलं होतं मला, की हा शब्द काढू नका म्हणून," वायरमन कान पकडत म्हणाला. "तुम्हाला चालत नाही म्हणे."

"मला? मला का चालणार नाही? माझा मुलगाच ड्रायव्हर आहे. मोठा टँकर चालवतो. हे दिवे त्यानंच बसवलेत."

"असं होय." वायरमनने काकांकडे पाहिलं. काका जमिनीकडे पाहत होते. दारातली लेक तोंडावर पदर धरून उभी होती. वायरमन हसता हसता थांबला. त्याला नक्की काय ते कळलं नाही, पण काहीतरी कळलं. "मी बाहेरचं जोडून घेतो," म्हणून तो गेला.

"अहो, ढब्बूला फोन लावा," काकू म्हणाल्या.

"आत्ता? कामावर असेल तो."

"असू दे. दोन मिनिटं बोलेल. त्याला सांगते, तुझा दिव्यातला भाऊबंद जळाला आणि तुझी आई तुलाच मेला समजून बसली. शिव्या घालेल मला. हसेल किती."

लेक पटकन पुढे आली. "आई, त्याचा मेसेज आलाय आत्ताच. वाचते थांब."

"वाचू नकोस. मेसेज नको मला. आज आवाज ऐकायचाय त्याचा." काकूंनी हात पुढे केला. "लागत नसेल तर त्याच्या मालकाला लावा. कोणाला तरी लावा."

लेकीने काकांकडे पाहून जोराने मान हलवली. नाही. मग हाताने छाती दाबून दाखवली: तिचं काही झालं म्हणजे? काकांना तेच भय पाच महिने पोखरत होतं. रात्री ते काकूंच्या नाकाशी हात धरून बघत.

"अहो," काकू म्हणाल्या. हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण कपाळाला आठी पडली होती. "तुम्ही त्या वायरमनला असं का सांगितलंत? शब्द काढू नका म्हणून?"

काकांना उत्तर सुचलं नाही असं नाही. दोन-तीन सुचली. तीन महिन्यांपूर्वी त्यांतलं एखादं बोलूनही गेले असते. पण समोर ती हात पसरून बसली होती, लेक तिच्या डोक्यावरून हातवारे करत होती, आणि या सगळ्याची त्यांना एकाएकी इतकी शिसारी आली, की ते पलंगावर तिच्याशेजारी बसले आणि तो पसरलेला हात त्यांनी धरला.

"अगं, ढब्बू गेला," ते म्हणाले.

"कुठं गेला?"

त्यांनी मोठ्या कष्टाने काढलेला शब्द पुरेसा नव्हता. आपल्याकडे माणूस बाजारातही जातो. त्यांना दुसरा शब्द घ्यावा लागला, जो ते कुणाच्याही मुलाबद्दल कधी बोलले नसते.

"मेला. टँकर उलटला आणि पेटला."

 काकूंचा चेहरा तसाच राहिला. त्यावरचं हसू जायला थोडा वेळ लागला. काकांची बोटं काकूंच्या मनगटावर होती. नाडी जोरात धावत होती, पण धावत होती. ज्याच्या धास्तीने पाच महिने जीव मुठीत धरला होता, त्यातलं काहीच झालं नाही. काकू खाली कोसळल्या नाहीत, छाती धरली नाही. त्यांनी फक्त हात सोडवून घेतला.

"कधी?"

"तुझ्या ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी."

"म्हणजे मी शुद्धीवर होते."

"हो."

"त्या संध्याकाळी तुम्ही मला फळं कापून भरवलीत."

"हो."

"आणि मेसेज कोण पाठवत होतं?"

"कोणी नाही. मी बोलत होतो."

काकूंनी मान हलवली, जणू हिशेब लागला. "पाय चेपून घेत जा, बाबांना लाजू नको, असं तो म्हणाला होता. मला वाटलं, लेकरू किती बदललं." त्यांनी काकांकडे तोंड वळवलं. "कोणी पाहिलं त्याला?"

"मी गेलो होतो. ओळखू येत नव्हता. पायातल्या बुटावरून सांगितलं मी."

"रडलात?"

"नाही. दवाखान्यात तुझ्याकडे यायचं होतं. तुला आवाजावरून कळलं असतं."

"मग घरी आल्यावर?"

"घरी तू होतीस."

लेक हुंदके देत "आई, आई गं" म्हणत पुढे सरकली आणि तिने काकूंच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं. काकूंनी तिच्या केसांवरून हात फिरवला नाही.

"रोज सकाळी मी विचारायचे, आज मेसेज आला का," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत असाल तेव्हा. असंच ना? मी इथं मधे बसलेली, आणि तुम्ही बघताय."



"जा बाहेर. दोघंही. मला त्याच्याजवळ बसू द्या जरा. तुम्ही पाच महिने बसलात."

लेक उठेना. काकांनी तिला दंडाला धरून उठवलं आणि बाहेर आणलं. तिने त्यांचा हात झटकला, "काही झालं तर तुमच्यामुळे," एवढं दात आवळून म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं.

बाहेरच्या खोलीत पाचही दिवे लागले होते. नवी डबी वायरमनने कापसापासून दूर, मोकळ्या जागी एका फळीवर बसवली होती आणि झाकण लावलं होतं. तो शिडीच्या खालच्या पायरीवर टेकून हात पुसत होता.

"हे झाले काका. एकदम शांत उजेड आहे बघा. आतले तीन तेवढे राहिलेत." त्याने पहिल्यांदाच आवाज खाली आणला. "जाऊ का आत?"

काकांच्या तोंडावर आलं, की हिला जरा झोप लागलीय. ते त्यांनी तसंच गिळलं.

"आज राहू द्या," ते म्हणाले. "माझा मुलगा गेला."

वायरमनने कुठे, असं विचारलं नाही. तो उभा राहिला, आणि मग काय करावं न कळून त्याने शिडी मिटायला घेतली. लोखंडाचा आवाज होऊ नये म्हणून एकेक पाय हाताने धरून, अगदी हळू. काका बंद दाराशी कान देऊन उभे होते. आतून अजून काहीच ऐकू येत नव्हतं.